दुसऱ्या पिढीचे शिपाई

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवापूरला, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होतो. अकरावीची मुलं कांद्याची पातळ साल काचपट्टीवर पसरायची खटपट करत होती. मोबाईलवर सलीमच्या बायकोचं, नसरीनभाभींचं नाव दिसलं. शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन म्हणजे डायलिसिसला जाताना कुणी सोबत हवं असणार, एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "भाभी, माझा तास चालू आहे, दुपारच्या गाडीने येतो." पलीकडून त्या म्हणाल्या, "अब जाना नहीं पडेगा भैया. आप सीधे घर आओ." आवाज नेहमीसारखाच होता. मी मुलांना काचपट्ट्या धुऊन ठेवायला सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगून निघालो, आणि स्टेशनवर बाकावर बसेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता...

दुपारी नमाजनंतर त्याला नंदुरबारच्या कब्रस्तानात नेलं. आमच्या गावाहून, रनाळ्याहून माझे वडील आले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आणि सलीमही आप्पाच म्हणायचा. मिरचीच्या शेतातून उठून तसेच आले होते ते. सगळ्यांच्या बरोबरीने त्यांनीही तीन मुठी माती दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोठा माणूस व्हता." 'मोठा' हा शब्द आप्पा कुणाबद्दल सहसा वापरत नाहीत. स्थानिक पेपरात दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या. त्यात सलीम शेख, दंत तंत्रज्ञ, असं लिहिलं होतं. ते खरंच आहे. नंदुरबारातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात सलीमच्या हातची कवळी आहे. पण तो आणखी एका गोष्टीचा कर्ता होता आणि ती या जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही दोघं बी.एस्सी.ला एका वर्गात होतो. मी रनाळ्याहून एसटीने यायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात कुणाला काय विचारायचं हेही मला कळत नसे. सलीम शहरातला, बोलका. त्याच्या वडिलांची कवळ्या बनवायची लॅब होती... लॅब म्हणजे गल्लीतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत प्लास्टरची पोती. दुसऱ्या वर्षाला असताना त्याचे वडील अचानक गेले आणि सलीम कॉलेज सोडून त्यांच्या स्टुलावर बसला. त्यानंतर दोन वर्षं मी माझा डबा त्या मागच्या खोलीत खाल्ला आणि तिथेच अभ्यास केला. तो काम करता करता रोज विचारायचा, "आज काय शिकाडं?" मला नीट सांगता आलं नाही की म्हणायचा, "तुलेच समजेल नही, माले काय सांगशी." त्याला सांगता यावं म्हणून मी वर्गात लक्ष द्यायला लागलो. माझ्या पदवीचा कागद आप्पांनी घरात भिंतीवर लावला आहे. त्यावर एकच नाव आहे, हे मला अजूनही अपुरं वाटतं.

कॉलेजच्या वार्षिकांकात मी तेव्हा एक विज्ञानकथा लिहिली होती. दूरच्या एका कोरड्या ग्रहावर खाणी असतात. खाणींची मालक कंपनी तिथल्या लढाईसाठी माणसाच्या गुणसूत्रांत फेरफार आणि संकर करून शिपाई तयार करते. त्यांना पाणी थोडं लागतं, झोप लागत नाही आणि भीती वाटत नाही. त्यांना मी 'घडीव' म्हटलं होतं. त्यांच्यासमोर उभी राहिलेली खाणकामगारांची पोरंबाळं म्हणजे 'साधे'. कथा बेताचीच होती. मी ती विसरूनही गेलो होतो. पुढे मी मास्तर झालो, लग्न झालं, नवापूरला बदली झाली. आणि एका रविवारी सलीम मोटरसायकलवर रनाळ्याला घरी आला. हातात तोच वार्षिकांक, जपून ठेवलेला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुन्हा शिपाईसनी उंची कितली शे?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "मी काय त्यासले मोजाले गऊ का?"

"मंग लिखं कसं?" तो म्हणाला. "आणि पाणी कमी पेतस ना त्या? तोंडमा लाळ कमी. लाळ कमी ते दात लवकर जातीन. तू त्यासनं जबडं कसं करं ते सांग."

मग त्याने मोबाईलवर मला व्हिडिओ दाखवले. परदेशात मोठी माणसं टेबलावर डोंगर-खंदक मांडून बोटाएवढ्या शिपायांची लढाई खेळतात. शिपाई किती पुढे सरकला ते टेपने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फाशांनी ठरवायचं. प्रत्येक तुकडीचे गुण-अवगुण नियमांच्या पुस्तकात लिहिलेले. असे शिपाई मागवायचे तर त्या किमतीत आपल्याकडे सायकल येते. सलीमचं म्हणणं होतं की मेण कोरायचं, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि ॲक्रिलिक ओतायचं हेच तर तो रोज करतो. फक्त दाताच्या जागी माणूस करायचा. "आणि त्यासन्या गोष्टी कसाले वापरवान्या?" त्याने वार्षिकांकावर बोट आपटलं. "आपली गोष्ट शे ना."

कागदावरचा शिपाई टेबलावर उभा करणं ही काय मेहनत असते ते मी पुढच्या वर्षभरात पाहिलं. मी 'त्यांना भीती वाटत नव्हती' असं एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. सलीमला ती ओळ बोटाएवढ्या अंगात दिसायला हवी होती. त्याने आठ-दहा मेणाचे पुतळे मोडले. शेवटी त्याने शिपायाचे दोन्ही खांदे सैल सोडले, मान सरळ ठेवली आणि पायांत अंतर कमी केलं. "घाबरेल माणूस पाय फाकाडीसन उभा ऱ्हास," तो म्हणाला. "याले गरज नही." ओठ पातळ, गाल आत गेलेले, जबडा रुंद. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कंपनीने दातांचीही सोय केली असणार, नाहीतर शिपाई फुकट. हे सगळं माझ्या कथेत कुठेच नव्हतं, पण त्याने दाखवल्यावर वाटलं की असंच असायला हवं होतं.

एका साच्यातून त्याने चोवीस घडीव काढले. सगळे तंतोतंत सारखे, आणि सगळे गुलाबी, कारण कवळीचं ॲक्रिलिक त्याच रंगात येतं. ते पहिल्यांदा टेबलावर उभे राहिले तेव्हा रेल्वेतले मोरे, आमचे तिसरे खेळाडू, चष्मा वर करून म्हणाले, "हे शिपाई आहेत का हिरड्या निघाल्यात चालायला?" सलीम हसला, पण रंग त्याने दिला नाही. रंगाखाली काम झाकतं म्हणायचा. साधे त्याने साच्याच्याच पांढऱ्या प्लास्टरचे ओतले. कडा घासून चकाकी देण्याचं काम नसरीनभाभींचं. कवळ्यांनाही शेवटचा हात त्यांचाच असे. दर रविवारी दुपारी लॅबमधलं मोठं टेबल रिकामं करून आम्ही खेळायचो. नियम सलीम करायचा. दुरुस्त्या एका शंभरपानी वहीत.

खेळाची बातमी पुण्यापर्यंत कशी गेली, तर मोऱ्यांच्या पुतणीमुळे. मैत्रेयी तिचं नाव. पुण्यात असे खेळ खेळणाऱ्यांचा एक गट आहे आणि दर हिवाळ्यात ते एक मेळावा घेतात, त्याची व्यवस्था ती बघते. नात्यातल्या एका लग्नासाठी नंदुरबारला आली होती, तेव्हा मोरे तिला लॅबवर घेऊन आले. तिने एक घडीव हातात घेऊन खूप वेळ उलटसुलट पाहिला. मग दोन डाव खेळली. पहिल्यात तिच्याकडे घडीव होते, ती जिंकली. दुसऱ्यात साधे होते, ती हरली. खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "काका, राग मानू नका. शिपाई मी आजवर पाहिले त्यांत सगळ्यांत सुंदर आहेत. पण साध्यांच्या बाजूने दुसऱ्यांदा कोण बसणार?"

सलीमने विचारलं, "तुम्ही बसाल?"

"नाही," ती म्हणाली. "नुसतं मरायला कोण बसेल? दोन्ही बाजूंनी खेळावंसं वाटलं तर मेळाव्यात टेबल देते. अजून चार महिने आहेत."

ती गेल्यावर सलीमने टेबलावरचा एक घडीव उचलला. त्याच सुमारास त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं होतं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं होतं. मोऱ्यांना हे नीट माहीत नव्हतं, मला होतं. शिपाई दोघांमध्ये ठेवून तो मला म्हणाला, "मास्तर, आयुष्यभर दुसराना तोंडना माप लिधं. एक गोष्ट मन्हा डोकानी लोकसले देखाडानी शे." एवढंच. पुन्हा तो त्याबद्दल कधी बोलला नाही, पण त्यानंतरच्या चार महिन्यांत मला दुसरं काही दिसत नव्हतं.

आम्ही आधी साध्यांची संख्या तिप्पट केली. टेबल भरून गेलं, डाव तासन्‌तास चालला आणि शेवटी घडीवच जिंकले. मग घडीवांना खोटी दुखणी लावली... दर चौथ्या चालीला थकवा, उन्हात नेम चुकणे असं काही. डाव बरोबरीत यायला लागले, पण सलीमला ते पटेना. "वरतून लावेल खोट शे ही," तो म्हणायचा. "कवळी टोचस तशी टोचस." कंपनी इतकी हुशार, तर तिने मुद्दाम नेम चुकणारा शिपाई का बनवावा? त्याने ती सगळी पानं वहीतून आडवी रेघ मारून रद्द केली. दोन महिने उरले होते. एकदा डायलिसिसहून आल्यावर ओठ ओले करायला घोटभर पाणी घेतलं आणि म्हणाला, "तुन्हा शिपाईसना गुण माले दी टाक ना. डॉक्टरनी दिनभरमा एकच लिटर सांगेल शे." भाभी आतून म्हणाल्या, "एक लिटर में चाय भी गिनी है डॉक्टर ने. मास्तर को मत फसाओ." तो हसत पडून राहिला.

मग एका रविवारी आप्पा लॅबवर आले. त्यांची कवळी डाव्या बाजूला टोचत होती. सलीमने ती घासायला घेतली आणि आप्पा तोवर आमच्या टेबलाशी उभे राहून बघू लागले. मी आणि मोरे खेळत होतो. माझे दोन घडीव मेले, तेव्हा नियमाप्रमाणे मी तळावरून दोन नवे आणून उभे केले. माझ्या कथेत असंच होतं. घडीव शिपायांची पोरं कंपनी तळावर झपाट्याने वाढवते आणि आघाडीवर पाठवते.

आप्पांनी बोट दाखवलं. "ह्या नवा कथाईन उनात?"

मी सांगितलं, याच शिपायांची पोरं आहेत.

"म्हणजे पाकीट नवं शे का घरनं बी धरेल शे?"

मी म्हटलं, "घरनंच म्हणा ना."

"मंग सारखा कसा?" आप्पा म्हणाले. तोंडात दात नव्हते, तरी शब्द स्वच्छ होता. "संकरित मिरचीनं बी घरनं धरं का एक झाड गुडघाले, एक छातीले. एक तिखट, एक फिकं. म्हणीसन ते दरसाल नवं पाकीट लई ऱ्हायनूत आपन. तुले ठाव नही का?"

आत कवळी घासायच्या हँडपीसचा आवाज थांबला. सलीम हातात आप्पांची कवळी घेऊन दारात उभा होता.

मला अजून त्या क्षणाची लाज वाटते, आणि गंमतही वाटते. मी जीवशास्त्राचा शिक्षक. संकरित पिकाच्या दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात, हे मी दरवर्षी बारावीच्या फळ्यावर चौकोन काढून शिकवतो. मिरचीच्या घरात जन्मलो. बियाण्याच्या पाकिटासाठी आप्पांबरोबर दुकानासमोर रांगेत उभा राहिलो आहे. आणि माझ्याच कथेत मी संकरित शिपायांचं घरचं बी धरून पीक अगदी सारखं उगवलं होतं. वीस वर्षांत हे मला कधी दिसलं नाही. सलीमलाही नाही, त्याने तर माझ्याकडूनच ऐकलं होतं ना... तो पुढे आला, आप्पांच्या हातात कवळी दिली आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही बठा. चहा ले आव नसरीन. आते खेळ सापडी गया."

तो नियम थोडक्यात सांगतो. सुरुवातीचे चोवीस घडीव कंपनीच्या कारखान्यातून आलेले, सारखे आणि भयंकर. पण मेलेल्यांच्या जागी येणारे त्यांची पोरं, म्हणजे दुसरी पिढी. त्यांतला कोण कसा निघेल हे सेनापतीलाही माहीत नाही. शिपायावर वेळ आली की फासे टाकायचे आणि तेव्हा कळणार की याला तहान लागते का, झोप येते का, भीती वाटते का. एखादा बापाहून सरस निघतो, एखादा अगदी साधा. त्यामुळे घडीवांना घाई असते, लवकर जिंकायला हवं, आणि साध्यांनी नुसतं टिकून राहिलं तरी दर चालीला लढाई त्यांच्याकडे कलते. पहिला डाव खेळल्यावर मोरे साध्यांच्या बाजूला जाऊन बसले. म्हणाले, "आता मी उठणार नाही."

सगळ्यात अवघड गोष्ट भीतीची होती. ती आम्ही दवाखान्यात ठरवली. डायलिसिसच्या खुर्चीत त्याचा डावा हात सुयांना बांधलेला, उजवा मोकळा. सिस्टर दर थोड्या वेळाने सांगायच्या, "सलीमभाई, हात हलवू नका." तो मोकळ्या हाताने स्टीलच्या ट्रेमध्ये फासे टाकायचा आणि मी वहीत लिहायचो. मी म्हटलं, ज्याला भीती निघेल तो शिपाई मागे पळेल, असं लिहू. तो नाही म्हणाला. "ज्याले भीती वाटस तो आडोसा देखस. ज्याले वाटत नही तो उघडावर मरस." मग त्याने नियम सांगितला. भीती निघालेल्या शिपायाला एक हुकूम नाकारता येईल, आणि आडोशाला असेल तर त्याच्यावर गोळी लागणं अवघड होईल. मी लिहीत होतो. तो मशीनच्या नळीकडे बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "माले बी वाटस भो." मी वही मिटली. तो म्हणाला, "मिटू नको, पुढलं लिख."

दुसऱ्या पिढीसाठी एकच साचा चालणार नव्हता. सारखे शिपाई करून त्यांना वेगळे म्हणणं म्हणजे खोटेपणा, असं त्याचं म्हणणं. महिनाभरात त्याने तीस मेणाचे शिपाई वेगवेगळे कोरले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटायचं, तेव्हा दुपारभरात तीन-चार शिपाई व्हायचे. रुंद जबडा सगळ्यांना, पण एक बुटका, एकाचे खांदे आजोबांवर गेल्यासारखे उतरते, एक पोरगी आपल्या पाण्याच्या पिशवीवर हात ठेवून उभी, एक मान वळवून मागे बघणारा. डावा हात जपायचा म्हणून भाभी पुतळा धरायच्या आणि तो कोरायचा. मी एकदा म्हटलं, एवढं वेगळं केलंस तर लोकांना लक्षात कसं राहील? तो म्हणाला, "वीस साल कवळ्या करी ऱ्हायनू. दोन तोंडं सारखा अजून देखात नहीत. लोकसना ध्यानमा ऱ्हास."

शुक्रवारी डायलिसिस करून आम्ही त्याच संध्याकाळी पुण्याच्या बसमध्ये बसलो. मी, सलीम, भाभी आणि मांडीवर चपलांच्या खोक्यात कापसात झोपलेले चौपन्न घडीव; साधे पायाशी पिशवीत. मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. आमच्या शेजारच्या टेबलांवर रंगवलेल्या देखण्या सेना होत्या, आणि आमचे गुलाबी शिपाई बघून दोन-तीन जण हसले. मग एक मुलगा साध्यांच्या बाजूने बसला, कारण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. तो हरला. हरल्यावर तो उठला नाही. म्हणाला, "परत लावा, आणि मला हेच द्या." दुपारपर्यंत आमच्या टेबलाभोवती माणसं उभी होती. दर वेळी नव्या शिपायावर फासे पडले की सगळे वाकून बघायचे. मान वळवून मागे बघणारा शिपाई एकदा बापाहून निडर निघाला, तेव्हा त्याच्या विरुद्ध खेळणाऱ्यानेही टाळ्या वाजवल्या.

एका प्राध्यापकासारख्या दिसणाऱ्या गृहस्थांनी सलीमला विचारलं, "तुम्ही जेनेटिक्स शिकलात का?" मी पुढे होऊन काही सांगणार, तेवढ्यात सलीमच म्हणाला, "नाही साहेब. माझं बी.एस्सी. अर्धं राहिलं. हे यांचे वडील रनाळ्याला मिरची लावतात, त्यांनी आमची चूक काढली." मग त्याने त्या गृहस्थांना पाकिटाची सगळी गोष्ट सांगितली, शुद्ध मराठीत, जी तो क्वचितच बोलायचा. भोवतीची माणसं ऐकत होती. मी आयुष्यात बरेच सत्कार पाहिले आहेत, शाळेत असतातच. त्या दुपारी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नाही. माझ्या मित्राचा, आणि माझ्या घराचा.

निघताना मैत्रेयीने नियमांची प्रत मागितली. गटातली माणसं स्वतःचे शिपाई करून खेळणार होती. मी आधीच टाइप करून नेली होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, खेळाचा कर्ता सलीम शेख, नंदुरबार. सलीमने ते पान बराच वेळ हातात धरलं. मग माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'दुसऱ्या पिढीचा नियम, आप्पा, रनाळे.' परतीच्या बसमध्ये त्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सटाण्यापर्यंत झोपला.

त्यानंतर तो अडीच महिने होता. त्या काळात सहा कवळ्या केल्या, दोन रविवार खेळला. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

सलीमचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर मला पुण्याहून मैत्रेयीचा फोन आला. सलीम गेल्याचं तिला माहीत होतं, आधी तिने भाभींची चौकशी केली. मग म्हणाली की त्यांच्याकडे एक भांडण अडकलं आहे. दुसऱ्या पिढीचा एक घडीव शिपाई तहानलेला निघाला, त्याच्या बाजूला पाणी नव्हतं. समोरच्या खेळाडूने आपला साधा शिपाई त्याच्याजवळ नेला आणि म्हणाला, मी याला माझ्यातलं पाणी देतो, आता हा माझ्यावर गोळी चालवणार नाही. "नियमात असं कुठेच नाही," ती म्हणाली. "चालत नाही असंही नाही. दोघं हट्टाला पेटलेत. काका असते तर काय म्हणाले असते?"

मी वही पाहिली. शेवटच्या पानापर्यंत पाहिली. त्यात उत्तर नव्हतं. रविवारी मी लॅबवर गेलो. भाभींनी काम बंद केलेलं नाही. एका तंत्रज्ञाला ठेवलं आहे, शेवटचा हात त्या स्वतः देतात. मी त्यांना प्रश्न सांगितला. सलीमची एक सवय लिहायची राहून गेली. वाद झाला की तो कधी निकाल द्यायचा नाही. मोरे आणि मी तावातावाने बोलत असलो की तो सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मांडी देखूत." मग ज्या स्थितीत भांडण झालं ती जशीच्या तशी टेबलावर लावायची, बाजू बदलून तीनदा खेळायचं, आणि तिसऱ्या डावानंतरही खेळायची इच्छा राहिली तर तो नियम ठेवायचा. रुखरुख राहिली तर काढायचा. मी हे आठवत होतो आणि भाभी तोवर कवळ्यांचे साचे उचलून टेबल पुसत होत्या.

भाभी कधी खेळल्या नव्हत्या. त्यांनी कापसातून शिपाई काढले, एकेकाची कड अंगठ्याने चाचपली आणि विचारलं, "मेरे कौनसे?" मी म्हटलं, तुम्हाला पाहिजे ते घ्या. त्यांनी साधे घेतले. मी माझा तहानलेला शिपाई उघड्यावर उभा केला, पाण्याच्या पिशवीवर हात ठेवलेली ती पोरगी. भाभींनी टेप माझ्या हातून घेतली, अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि आपला एक माणूस आडोशातून काढून, पाणी द्यायला, तिच्या शेजारी नेऊन ठेवला.

"अब गोली चलानी है तो आप फेंको," त्या म्हणाल्या, आणि फासे माझ्यापुढे सरकवले.